गाठ काढली, मग शेक कशाला? अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतरच्या रेडिएशनबद्दल

"ऑपरेशन झाला, गाठ भायर काढल्यानी, मगे आता शेक कित्याक?"

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन होऊन माणूस घरी येतो, टाके निघतात, पेज पोटात टिकायला लागते, आणि तेवढ्यात डॉक्टर रेडिएशनची चिठ्ठी हातात देतात. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही ओटीवर मग हा प्रश्न येतोच. त्याच्यामागे आणखी एक असतो, तो कुणी मोठ्याने विचारत नाही: म्हणजे ऑपरेशन फसलं की काय? आणि तिसरा शेजारच्या वाडीतून येतो: आमच्या काकांना शेक आधी दिला होता, तुमच्या माणसाला नंतर का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका कागदात असतात. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग पॅथॉलॉजी विभागात जातो, तिथे त्याच्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि आठ-पंधरा दिवसांत अंतिम रिपोर्ट येतो, तो हा कागद. बहुतेक घरांत तो फायलीत तसाच पडून राहतो. पण तो वाचण्याआधी ही नळी कशी आहे ते समजून घ्यावं लागेल, कारण खरी अडचण तिच्या घडणीतच आहे.

अन्ननलिका घशापासून जठरापर्यंत साधारण २५ सेंटीमीटर लांब. पुढून श्वासनलिका, मागून मणका, बाजूला महाधमनी, खालच्या भागात हृदय. ही सगळी मंडळी तिला अक्षरशः चिकटून असतात. जठराला आणि आतड्याला बाहेरून एक पातळ पण चिवट आवरण असतं. अन्ननलिकेला ते जवळजवळ नाहीच. त्यामुळे आतून वाढणारी गाठ स्नायूच्या थरातून बाहेर पडली की थेट शेजाऱ्यांच्या दारात पोचते. दुसऱ्या एखाद्या अवयवात सर्जन गाठीभोवतीचा चांगला रुंद भाग काढून मोकळे होतात. इथे महाधमनीकडच्या बाजूला त्यांच्या हातात काही मिलिमीटरच असतात.

दुसरी अडचण लसिकावाहिन्यांची, म्हणजे पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची. अन्ननलिकेच्या अस्तराखाली या बारीक वाहिन्यांचं जाळं आडवं कमी आणि उभं जास्त पसरलेलं असतं. सुपारीच्या बागेत पाटाला एका जागी पाणी सोडलं की ते पार टोकाच्या झाडापर्यंत जातं, तशा कॅन्सरच्या पेशी या वाहिन्यांतून वर मानेकडे आणि खाली पोटाकडे जाऊ शकतात. गाठ छातीच्या मध्यावर असली तरी बाधित लसिकाग्रंथी, म्हणजे या वाहिन्यांच्या वाटेवरचा दाणा, मानेत सापडते, ती यामुळे. काही मोजक्या पेशींचा पुंजका सीटी किंवा पेट स्कॅनमध्ये दिसत नाही आणि सर्जनच्या बोटांनाही लागत नाही.

म्हणून ऑपरेशन उत्तम होऊनही रेडिएशन लागू शकतं. ऑपरेशन डोळ्यांना दिसतं ते काढतं. जे दिसत नाही पण असण्याची शक्यता दाट आहे, त्याच्यासाठी किरणं. आणि ती शक्यता किती आहे ते रिपोर्ट सांगतो.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

पहिली गोष्ट कड, म्हणजे मार्जिन. काढलेल्या तुकड्याच्या वरच्या टोकाला, खालच्या टोकाला आणि भोवतालच्या बाजूला कॅन्सरच्या पेशी पोचल्या होत्या का? कुठेच नसतील तर त्याला आर-झिरो म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली कडेवर पेशी दिसल्या तर आर-वन. डोळ्यांना दिसणारा भागच मागे राहिला असेल तर आर-टू. भोवतालच्या कडेबद्दल तज्ज्ञांतही एकमत नाही: ब्रिटिश पद्धतीत कडेपासून १ मिलिमीटरच्या आत पेशी सापडल्या तरी कड बाधित धरतात, अमेरिकन पद्धतीत पेशी थेट कापलेल्या कडेवर असल्या तरच. त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसतं 'मार्जिन फ्री' असलं तरी किती मिलिमीटरने फ्री, हे विचारावं. तुम्ही विचारलंत म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारावं.

दुसरी गोष्ट लसिकाग्रंथी. किती काढल्या आणि त्यातल्या किती बाधित निघाल्या. आधी कुठलीच ट्रीटमेंट झालेली नसेल तर किमान १५ ग्रंथी तपासलेल्या असाव्यात अशी अपेक्षा असते. सहाच ग्रंथी तपासल्या आणि सहाही स्वच्छ निघाल्या, तर त्यावर फार निश्चिंत होता येत नाही.

तिसरी, कॅन्सरचा प्रकार. अन्ननलिकेचे मुख्य प्रकार दोन. भारतात जास्त दिसतो तो स्क्वॅमस. तंबाखू, विडी, दारू आणि खूप गरम पेय पिण्याची सवय यांच्याशी त्याचा संबंध आहे. आपल्याकडच्या आया-आज्यांची मशेरीही भाजलेली तंबाखूच, ती 'दातांसाठी' आहे म्हणून वेगळी ठरत नाही. दुसरा अ‍ॅडेनो, तो बहुधा नळीच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होतो. त्याचं नातं वर्षानुवर्षांच्या आम्लपित्ताशी आणि लठ्ठपणाशी. दोघांची औषधं वेगळी, किरणांना प्रतिसाद वेगळा. काकांची ट्रीटमेंट तुमच्या माणसाला लागू होईलच असं नाही, त्याचं अर्धं कारण इथे आहे.

उरलेलं अर्धं कारण कॅन्सरचा टप्पा (स्टेज) लिहिताना सुरुवातीला 'वायपी' (yp) ही अक्षरं आहेत का, यात आहे. ती असली तर ऑपरेशनच्या आधीच केमो किंवा रेडिएशन झालेलं आहे.

आधी की नंतर

इथे जरा थांबायला हवं, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत सगळ्यात मोठा बदल इथेच झाला. नेदरलँड्समध्ये 'क्रॉस' नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. ३६६ रुग्णांपैकी निम्म्यांचं थेट ऑपरेशन, उरलेल्यांना आधी पाच आठवडे हलकी केमो आणि २३ दिवसांचं ४१.४ ग्रे रेडिएशन (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), मग ऑपरेशन. थेट ऑपरेशन झालेल्यांचं मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, २४ महिने निघालं, आधी ट्रीटमेंट घेतलेल्यांचं ४९. स्क्वॅमस प्रकारात तर जवळपास निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या नळीत जिवंत कॅन्सर उरलाच नव्हता.

आधी दिलेलं रेडिएशन सरस ठरण्याची कारणं समजण्यासारखी आहेत. गाठ जागेवर असते, त्यामुळे नेम कुठे धरायचा ते स्कॅनवर दिसतं. तिचा रक्तपुरवठा शाबूत असतो. किरणांना काम करायला पेशींत प्राणवायू लागतो, आणि ऑपरेशननंतरच्या व्रणाच्या भागात तो कमी पोचतो. ज्या नळीवर किरणं पडतात तिचा बराचसा भाग पुढे ऑपरेशनमध्ये निघूनच जातो. आणि माणूस तेव्हा त्यातल्या त्यात धडधाकट असतो. या ऑपरेशननंतर १० किलो वजन उतरलेल्या माणसाला पाच आठवडे रेडिएशन झेपवणं फार कठीण जातं, अनेकांना ते पूर्णच करता येत नाही.

शिवाय नंतर रेडिएशन देताना मधे एक नवा पाहुणा आलेला असतो. काढलेल्या अन्ननलिकेच्या जागी सर्जन बहुतेक वेळा जठराची अरुंद नळी करून ती छातीत किंवा मानेपर्यंत वर ओढतात. पोटातला अवयव आता छातीत, नेमका किरणांच्या वाटेवर. हाँगकाँगमध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑपरेशननंतर एका वेळी ३.५ ग्रे असे मोठे डोस दिले गेले, तेव्हा या वर ओढलेल्या जठराला जखमा होऊन रक्तस्राव झाले आणि रेडिएशन घेतलेल्यांचं आयुष्य उलट कमी भरलं. आज रोजचा डोस १.८ ते २ ग्रे ठेवतात, त्यामागे असे धडे आहेत.

मग नंतर देतातच का? कारण काही जणांना आधी देता येत नाही. स्कॅनवर गाठ लहान वाटते, थेट ऑपरेशन होतं, आणि रिपोर्ट सांगतो की आजार वाटला त्यापेक्षा पुढे गेलेला होता. कधी नळी पूर्ण बंद झालेली असते. आणि एक कारण आपल्याकडचं: जिथे सर्जन मिळाले तिथे आधी ऑपरेशन उरकलं, रेडिएशनचं यंत्र मात्र दीडशे किलोमीटरवर. माझं मत स्पष्ट आहे. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनची तारीख घेण्याआधी सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर या तिघांनी मिळून फाईल बघितली आहे का, हे विचारायचं. मोठ्या हॉस्पिटलांत अशी बैठक ठरलेल्या वारी होते. त्यात दोन आठवडे गेले तर जाऊ द्यावेत.

आधी काहीही झालेलं नसताना ऑपरेशन झालं, तर निर्णय साधारण असा होतो. कडेवर पेशी सापडल्या तर केमोसकट रेडिएशनचा सल्ला बहुतेक ठिकाणी मिळतो. कड स्वच्छ पण ग्रंथी बाधित असतील तर प्रकारावर अवलंबून. जठराच्या तोंडाशी असलेल्या अ‍ॅडेनोसाठी २००१ सालच्या एका अमेरिकन चाचणीचा आधार आहे. तिच्यात ऑपरेशननंतर केमो-रेडिएशन घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान २७ वरून ३६ महिन्यांवर गेलं. स्क्वॅमसमध्ये मतभेद आहेत. चीनमधल्या २००३ सालच्या ४९५ रुग्णांच्या चाचणीत सगळ्यांचा मिळून फरक ठाम निघाला नाही, पण तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांत पाच वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेलं. म्हणून चीनमध्ये अशा रुग्णांना रेडिएशन सर्रास देतात, पाश्चात्त्य देशांत कड स्वच्छ असेल तर पुष्कळदा नुसती देखरेख ठेवतात. दोन चांगल्या डॉक्टरांनी दोन वेगळे सल्ले दिले तर त्यातला एक लबाड असतो असं समजू नये.

आधी रेडिएशन झालेलं असेल, तर त्याच जागी ऑपरेशननंतर पुन्हा सहसा देत नाहीत. फुफ्फुस, हृदय, मज्जारज्जू यांची सोसण्याची मर्यादा बरीचशी संपलेली असते. काढलेल्या भागात कॅन्सर उरलेला आढळला तर अशा रुग्णांसाठी निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीचं औषध वर्षभर देण्याचा पर्याय २०२१ पासून आला आहे. कॅन्सर न परतता गेलेला मध्यम काळ त्याने ११ महिन्यांवरून २२ वर नेला. किंमत मात्र सामान्य घराला झेपणारी नाही, आणि हे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलायला हवं.

अ‍ॅडेनोच्या रुग्णांना हल्ली 'फ्लॉट' ही चार औषधांची केमो ऑपरेशनच्या आधी आणि नंतर देतात, रेडिएशन मुळीच नाही. जर्मनीतल्या एका चाचणीत तिने 'क्रॉस' पद्धतीला मागे टाकलं: मध्यम आयुर्मान ३७ च्या जागी ६६ महिने. तेव्हा कुणाला शेक सांगितलाच नाही, तर त्याच्याकडे दुर्लक्ष झालं असं नव्हे.

यंत्राखाली काय होतं

ऑपरेशननंतर जखमा भरून, उरलेली अन्ननलिका आणि जठराची नळी यांचा जोड पक्का होऊन, तोंडाने थोडंफार खाणं सुरू झालं की, म्हणजे साधारण चार ते आठ आठवड्यांनी, रेडिएशन सुरू करतात. आधी एक सीटी स्कॅन होतो, तो फक्त आखणीसाठी. हात डोक्यावर घेऊन झोपवतात, मानेजवळ द्यायचं असेल तर चेहऱ्या-मानेवर गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा साचा बसवतात, अंगावर खुणा करतात. मग काही दिवस बोलावणं येत नाही. त्या दिवसांत डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ संगणकावर किरणांच्या दिशा ठरवत असतात: गाठीच्या जागेला ४५ ते ५०.४ ग्रे मिळावेत, आणि मज्जारज्जू, फुफ्फुसं, हृदय, मूत्रपिंडं आपापल्या मर्यादेत राहावीत. हा वेळ वाया गेला असं समजून कुणी हुज्जत घालू नये.

पुढे सोमवार ते शुक्रवार, रोज, पाच ते साडेपाच आठवडे. यंत्रावर दहा-पंधरा मिनिटं. शेक म्हणतात खरं, पण तिथे गरम काहीच लागत नाही; एका दिवसाच्या डोसने शरीराचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. किरणं पेशींच्या डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी रात्रीत बरीचशी डागडुजी करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ती तितकी जमत नाही. म्हणूनच डोस थोडाथोडा, रोज. माणूस घरी आल्यावर त्याच्या अंगातून किरणं बाहेर पडत नाहीत. नातवंडाला खुशाल मांडीवर घ्यावं.

कोकणच्या दमट हवेत अंगावरच्या शाईच्या खुणा घामाने पुसट होतात. त्या घरी पेनाने गिरवू नयेत, यंत्रावरच्या तंत्रज्ञाला सांगावं. सुती, सैल कपडे. त्या जागेवर न विचारता खोबरेल, बाम, पावडर काही लावू नये.

आता गणपती. मुंबईत ट्रीटमेंट घेणारा माणूस चतुर्थीला गावी जायचं म्हणतो, आणि आपल्याकडे त्याला नाही म्हणणं सोपं नसतं. पण मधे आठवडा मोडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी त्या दिवसांत वाढून घेतात. डोकं-मानेच्या स्क्वॅमस कॅन्सरमध्ये हे नीट मोजलेलं आहे: ट्रीटमेंट एक दिवस लांबली की आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने किंवा थोडी जास्तच घटते. सण मधेच येतोय हे आधीच दिसत असेल तर आखणीच्या वेळी सांगावं. यंत्र बंद पडून किंवा तापामुळे खाडा झालाच, तर डॉक्टर शनिवारी बोलावून किंवा एका दिवसात सहा तासांच्या अंतराने दोन डोस देऊन तो भरून काढू शकतात. आपणहून ठरवलेली सुट्टी कशी भरून काढणार?

खाणं, गिळणं, वजन

पहिला आठवडा ठीक जातो आणि माणूस म्हणतो, काहीच नाही यात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना जळजळ, छातीत टोचल्यासारखं, कोरडा खोकला, प्रचंड थकवा. त्रास शेवटच्या आठवड्यात आणि संपल्यावरही आठ-पंधरा दिवस चढाच राहतो, मग उतरतो. 'शेक संपला तरी वाढतंच चाललंय' म्हणून घाबरून धावपळ करण्याआधी हे लक्षात असावं. बधिर करणारं औषध जेवणाआधी घ्यायला देतात, दुखण्याची गोळी देतात. ती सोसत न बसता घ्यावी.

आजारी माणूस म्हटलं की आपल्याकडे पेज. पेज चांगली, उकड्या तांदळाची तर फारच चांगली, पण तिच्यात पाणीच जास्त. या काळात वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यातही सहाच्या आसपासच मिळतात, पेज तर बहुतेक पाणीच; तेव्हा नुसत्या पेजेवर माणूस उपाशी राहतो हे उघड आहे. पेजेत तूप घाला, सोबत मऊ अंडं द्या. नाचणीचं सत्त्व दुधात. कुळथाची पिठी पातळ, मिरची न घालता. मुडदुसे पथ्याचे म्हणून देतात तेही चालतील, पण काटे एकूण एक काढून. पापलेटचा उकडलेला तुकडा त्या मानाने सोपा. तिखट, तिरफळ, आमसूल, सोलकढी जळजळ थांबेपर्यंत बाजूला. चहा कोमट. दारू आणि तंबाखू बंद, मशेरीसकट.

जठराची आता पिशवी राहिलेली नाही, नळी झाली आहे. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खावं, पाणी जेवणासोबत न पिता मधल्या वेळेत. एकदम गोड खीर किंवा सरबत घेतलं की घाम, धडधड, चक्कर येते. अन्न आतड्यात घाईने उतरल्याचा तो परिणाम. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप ऑपरेशनमध्ये गेलेली असते, त्यामुळे आडवं झालं की खाल्लेलं वर येतं आणि फुफ्फुसातही जाऊ शकतं. रात्रीचं जेवण लवकर, आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली चिऱ्याचे सपाट तुकडे घालून ती बाजू वीतभर उंच करावी. उशा रचून तेवढा उपयोग होत नाही.

पोटातून घातलेली आहाराची नळी रेडिएशन संपेपर्यंत काढायची घाई करू नये. तिच्यातून देताना सगळं बारीक गाळून, आणि आधी-नंतर कोमट पाण्याने नळी धुऊन. रेडिएशन सुरू असताना वजन दर आठवड्याला करावं. फार उतरलं तर साचा सैल होतो, नेम ढळतो आणि आखणी पुन्हा करावी लागते.

राहायचं कुठे, पैसे कुठून

पाच आठवडे रोज जायचं म्हणजे घाट चढून कोल्हापूर गाठायचं किंवा मुंबईत मुक्काम करायचा. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे, आणि लालबाग-परळच्या चाळींत अजून कोकणातल्या कितीतरी घरांचं कुणी ना कुणी आहे. तसं कुणी नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी विचारावं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत भाड्याची पूर्ण सूट आहे, सोबत्याला ७५ टक्के; त्यासाठी हॉस्पिटलचा ठरलेला फॉर्म लागतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसतं. फक्त ते हॉस्पिटल योजनेत आहे ना आणि रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळतं ना, हे ट्रीटमेंट सुरू होण्याआधी बघावं.

नंतरचे महिने

गिळायला पुन्हा अडकायला लागलं की पहिली शंका कॅन्सर परतल्याची येते. पुष्कळदा जोडाची जागा व्रणाने आवळलेली असते आणि दुर्बिणीतून ती रुंद करता येते. तपासून घ्यावंच, पण तपासण्याआधी रडत बसू नये. बी-१२ आणि लोह वर्षातून एकदा बघावं, कारण जठराचं काम आता अर्धवट चालतं.

रेडिएशन संपून एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, धाप, बारीक ताप आला तर ती फुफ्फुसांना किरणांमुळे आलेली सूज असू शकते. तिला स्टिरॉइड लागतात. एक्स-रेवर ती न्यूमोनियासारखी किंवा टीबीसारखी दिसू शकते, आणि गावातल्या डॉक्टरांना रेडिएशन झाल्याचं सांगितलंच नाही तर ते त्या वाटेने औषध सुरू करतील. त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून रेडिएशन संपल्यावर मिळणारा सारांशाचा कागद मागून घ्यावा: कुठल्या भागाला, किती ग्रे, किती दिवसांत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सोबत कुठली केमो. पुढे कधी मणक्याला किंवा छातीला पुन्हा किरणं द्यायची वेळ आली तर किती देता येतील ते याच कागदावरून ठरतं. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असावा, आणि मूळ प्रत रिपोर्टच्या फायलीत सगळ्यात वर.